टल्साची प्लिमथ: नुसती साफ करायची की नवी करायची?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं टल्सा शहर. तारीख १५ जून २००७. काउंटी कोर्टासमोरच्या हिरवळीखाली काँक्रीटचा एक हौद आहे आणि त्यातून क्रेननं एक गाडी वर उचलली जातेय. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १५ जून १९५७ ला, ती कोरी करकरीत असताना इथे पुरली होती. ओक्लाहोमा राज्य तेव्हा पन्नाशीचं झालं होतं आणि टल्सानं ठरवलं होतं की २००७ च्या लोकांसाठी आपल्या काळाची काहीतरी ठेव ठेवून जायची.

गाडी होती प्लिमथ बेल्व्हेडिअर. दोन दारांची, सोनेरी आणि पांढऱ्या रंगाची. प्लिमथ हे नाव जुन्या मुंबईकरांना नवं नाही. ती बनवणाऱ्या अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये प्लिमथ आणि डॉज गाड्या जोडल्या जात. पण १९५७ चं हे मॉडेल पाहिलं की नजर हटत नाही. क्रायस्लरचे डिझाइनर व्हर्जिल एक्सनर यांनी गाडी बुटकी आणि लांबलचक केली आणि मागे दोन्ही बाजूंना उंच पंख काढले. १९६० साल तीन वर्षं आधीच उजाडलंय, अशी कंपनीची जाहिरात होती.

अणुबॉम्बच्या हल्ल्यातही हा हौद टिकेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. गाडीसोबत १० गॅलन पेट्रोल ठेवलं, कारण २००७ मध्ये पेट्रोल मिळेलच याची कोणाला खात्री नव्हती. आणि समोरच्या कप्प्यात काय ठेवलं, तर एखाद्या बाईच्या पर्समध्ये सापडावं ते सगळं. लिपस्टिक, केसांच्या पिना, च्युइंग गम, सिगारेटी आणि पार्किंगच्या दंडाची न भरलेली पावती. ज्या कोणाला ही यादी सुचली, त्याला मी मनापासून दाद देतो. एवढ्या चिल्लर वस्तूंमधून अख्खं १९५७ साल उभं राहतं.

एक स्पर्धाही ठेवली होती. २००७ मध्ये टल्साची लोकसंख्या किती असेल, याचा सर्वात जवळचा अंदाज करणाऱ्याला ही गाडी मिळणार. जिंकणाऱ्याचा अंदाज होता ३,८४,७४३. प्रत्यक्षात आकडा धरला गेला ३,८२,४५७. पण तो माणूस १९७९ सालीच वारला होता. गाडी गेली त्याच्या घरच्यांकडे.

२००७ च्या त्या १५ जूनला संध्याकाळी सभागृहात हजारो लोक जमले. प्लॅस्टिकचं वेष्टन काढलं आणि आत दिसला चिखल आणि गंज. हौदात पाणी शिरलं होतं आणि वर्षानुवर्षं साचून राहिलं होतं. गाडीला पुरताना वंगणाचा लेप दिला होता, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. सीटचं कापड विरघळून गेलेलं, इंजिन जाम, मागचा भाग खाली बसलेला. त्याच हौदात कागदपत्रांचं एक पोलादी नळकांडं होतं, वेल्डिंग करून बंद केलेलं. त्यातला ४८ ताऱ्यांचा अमेरिकी झेंडा मात्र जवळपास जसाच्या तसा निघाला.

आता या गाडीचं करायचं काय?

पैसा ओतला तर ती पुन्हा रस्त्यावर धावली असती, असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांची कळकळ मला समजते. पण जरा गाडीच्या खाली वाकून बघू या. १९५७ च्या प्लिमथमध्ये चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टनं बसवलेली असते. चेसिसचे बार आतून पोकळ. पाणी एकदा आत शिरलं की लोखंड आतून खात जातं आणि बाहेरून काही कळत नाही. टल्साच्या गाडीची चेसिस अशीच सडली होती. म्हणजे चेसिस दुसरी आणायची, स्प्रिंग दुसऱ्या, गाडीच्या तळाचा पत्रा दुसरा, वायरिंग दुसरं, सीट दुसऱ्या, इंजिनातले निम्मे भाग दुसरे. एवढं करून जी गाडी उभी राहील, ती टल्साच्या हिरवळीखालून निघालेली गाडी कशी म्हणायची? तशा चांगल्या बेल्व्हेडिअर अमेरिकेत आजही विकत मिळतात.

न्यू जर्सीतल्या हॅकेट्सटाउनमध्ये गंज काढण्याचं रसायन बनवणारे एक गृहस्थ पुढे आले. त्यांच्याकडे गाडी गेली आणि पुढे कित्येक महिने गंज उतरवण्याचं काम चाललं. हळूहळू कुठे कुठे क्रोम चमकायला लागलं, गंजाखालून मूळचा रंग डोकावायला लागला. तिथे थांबायचं ठरलं. गाडी चालू करायचा हट्ट कोणी धरला नाही. आज ती इलिनॉयमधल्या रॉस्को गावी एका मोटार संग्रहालयात उभी आहे, १९५७ चा रंग आणि पन्नास वर्षांचं पाणी दोन्ही अंगावर घेऊन. माझ्या मते यापेक्षा चांगला निर्णय होऊ शकला नसता.

पण प्रत्येक पडीक गाडीला हा न्याय लावायचा नाही. एखाद्या शेतकऱ्याच्या कोठारात तीस वर्षं धूळ खात पडलेली शेव्हरोलेची बेल एअर किंवा फोर्डची मस्टँग असेल, तर ती जरूर उभी करावी. या दोन्ही गाड्यांचे बहुतेक पत्रे आजही नवे छापून मिळतात. प्लिमथच्या बाबतीत तशी चंगळ नाही, त्यामुळे तिथे दहादा विचार करावा लागतो. त्यातून ५७ च्या गाड्या क्रायस्लरनं घाईघाईत बाजारात आणल्या. त्या नव्या असतानाच पाणी गळायचं आणि गंज धरायचा.

गाडी कुठल्या राज्यात पडून होती, हे आधी विचारा. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत रंग उडतो, सीट फाटतात, पण पत्रा टिकतो. मिशिगन किंवा ओहायोमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा पोटाकडचा भाग खाऊन टाकतं. मग लोहचुंबक घ्या आणि दाराखालच्या पट्टीवर फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. गाडीतला गालिचा उचला, टॉर्च आणा आणि जॅकवर चढवून चेसिस तपासा.

चेसिस शाबूत असेल, तर इंजिन जाम आहे म्हणून घाबरू नका. इंजिन खोलून पुन्हा बांधता येतं, ते करणारे मेकॅनिक अमेरिकेत गावोगाव आहेत. पण पहिल्याच चावीला सुरू होणारी गाडी असली आणि तिच्या चेसिसमध्ये स्क्रू ड्रायव्हर आरपार जात असला, तर मालकाला नमस्कार करा आणि परत फिरा.