छात्राध्यापकाला लेकरांशेजारी बसवा

(केळापूर तालुक्यातील एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

शिक्षक बंधू-भगिनींनो, दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आपल्या बऱ्याच शाळांत डी.एल.एड.ची, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याची पदविका करणारी मुलंमुली, आपले छात्राध्यापक, येतील. कॉलेजचं पत्र येईल, सोबत नोंदवह्या येतील आणि प्रत्येक पानाच्या खाली ‘मार्गदर्शक शिक्षकाची सही’ अशी जागा असेल. त्या सहीच्या आधी काय व्हायला पाहिजे, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं २०१४च्या विनियमांत डी.एल.एड. आणि बी.एड. या दोन्ही अभ्यासक्रमांना किमान २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून काम शिकणं, घातली. बी.एड. दोन वर्षांचं झालं तेही त्याच विनियमांमुळे. सराव पाठ घेतले, निरीक्षकानं मागच्या बाकावर बसून शेरा लिहिला आणि ट्रेनिंग संपलं, ही जुनी पद्धत पुरेशी नाही हे त्यामागं आहे. कागदावर हे फार चांगलं झालं. पण हे आठवडे कुणाच्या हाती आले? आपल्या. कॉलेजचे प्राध्यापक अधूनमधून येतील, पाठ बघतील, निघून जातील. रोज सकाळी परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत शिकायला आलेल्या त्या पोरीच्या सोबत कोण असतं? तुम्ही असता. तेव्हा ती कशी शिक्षिका होणार, यात आपला वाटा कॉलेजपेक्षा कमी नाही, असं मी अगदी मनापासून मानते.

आता ती येते तेव्हा काय शिकून आलेली असते ते बघा. तिचं पाठ टाचण सुबक असतं. उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, विषयविवेचन, मूल्यमापन, सगळं रकान्यांत बसलेलं. सूक्ष्म अध्यापन झालेलं असतं. ही पद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली. पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ, समोर मोजके विद्यार्थी आणि एका वेळी एकच कौशल्य: कधी प्रश्न विचारणं, कधी फलकलेखन, कधी प्रबलन, म्हणजे उत्तराला शाबासकी देणं. आपल्या कॉलेजांत समोर विद्यार्थी म्हणून वर्गमैत्रिणीच बसतात. तिसरीतली लेकरं झाल्याचं त्या सोंग घेतात आणि प्रश्न विचारला की नेमकं उत्तर देतात. त्यातून आवाज सुटतो, फळ्यापुढं उभं राहण्याची भीती जाते, हे खरंच आहे. पण तिसरीतलं लेकरू जसं चुकतं, तसं डी.एल.एड.ची मुलगी सोंग घेऊन चुकू शकत नाही. ती चूक पाहायला तिला आपल्याच शाळेत यावं लागतं.

एक तास सविस्तर सांगते. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. फळ्यावर ४२ वजा १८. छात्राध्यापिकेनं तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून आणले होते. तिनं एक गठ्ठा सोडून दाखवला, दहा काड्या एककाच्या घरात आणल्या, बारातून आठ गेले, चार उरले. समजावणं स्वच्छ होतं. “समजलं का?” म्हटलं की सगळा वर्ग “होऽऽ” म्हणाला. मग तिनं तसलंच, ५३ वजा २७, पाटीवर करायला दिलं. एका पोरीनं उत्तर लिहिलं ३४. तिच्या मागच्या पोरानं लिहिलं ३६. मॅडम दोघांनाही “चूक आहे, पुन्हा कर” म्हणून पुढं गेल्या आणि शेवटी बरोबर उत्तर, २६, फळ्यावर लिहून दिलं. सगळ्यांनी उतरवून घेतलं. टाचणाप्रमाणे पाठ पूर्ण झाला.

निरीक्षणाचा तक्ता घेऊन बसलं तर या पाठाला चांगले गुण पडतात. प्रस्तावना चांगली, साहित्याचा वापर चांगला, आवाज खणखणीत. मी तक्ता बाजूला ठेवला. जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात बसून तिला एकच विचारलं, “त्या पोरीचं ३४ कसं आलं असेल?” तिनं पाटीवर मांडून पाहिलं. “तिनं सातातून तीन काढले. मोठ्यातून लहान.” मी म्हटलं, “आणि त्या पोराचं ३६?” याला तिला वेळ लागला. लागू दिला. मग तिच्या लक्षात आलं की पोरानं हातचा घेतला होता, तेरातून सात बरोबर काढले होते, पण पाच दशकांचे चार करायचे विसरला. म्हणजे पोराला निम्मं आलेलं होतं आणि पोरीला हातचा मुळात कळलाच नव्हता. दोघांनाही आपण “चूक आहे, पुन्हा कर” असं एकच औषध दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला पाठ घेऊ दिला नाही. त्या पोरीशेजारी सतरंजीवर बसवलं. तिनं विचारलं, तू हे कसं केलंस? पोरगी म्हणाली, “तीनातून सात जात नाई न मॅडम, मंग सातातून तीन काहाडले.” ऐका हे नीट. लेकरानं विचार केलेला आहे. तीनातून सात जात नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे, त्यावर तिनं आपल्या अकलेनं वाट काढली आहे. मग मॅडमनी तिच्यापुढं पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या ठेवल्या आणि म्हणाल्या, यातल्या सत्तावीस मला दे. पोरीनं दोन गठ्ठे दिले, तीन सुट्या दिल्या आणि थांबली. अजून चार द्यायच्या होत्या. थोडा वेळ गठ्ठ्यांकडे पाहत राहिली आणि मग एका गठ्ठ्याची सुतळी तिनं स्वतःच सोडली. आदल्या दिवशी तो गठ्ठा मॅडमनी सोडला होता.

त्या छात्राध्यापिकेचे पुढचे पाठ बदलले. ती “समजलं का?” विचारायची थांबली आणि “कसं केलंस?” विचारायला लागली. माझ्या मते मार्गदर्शक शिक्षकाचं खरं काम हे एवढंच आहे: तिची नजर स्वतःच्या पाठावरून उचलून लेकराच्या पाटीवर नेणं. बाकीचं, म्हणजे फलकलेखन, आवाज, वेळेचं नियोजन, हे सरावानं येतं. लेकराकडं बघायची सवय मात्र सुरुवातीला कुणी लावली नाही तर पुढं नोकरीच्या धबडग्यात ती लागणं फार अवघड आहे.

म्हणून माझी विनंती आहे की पहिल्या आठवड्यात तिला पाठ देऊच नका. तीन लेकरं निवडायला सांगा: एक पुढं पुढं करणारं, एक गप्प बसणारं आणि एक सारखं गैरहजर राहणारं. एका साध्या वहीत रोज त्यांच्याबद्दल लिहायला लावा. आणि त्या आठवड्यात पाठ तुम्ही घ्या, तिला बघू द्या. आपण इतक्या वर्षांच्या सवयीनं कितीतरी गोष्टी करतो ज्या बाहेरून दिसत नाहीत. प्रश्न विचारून आपण थांबतो. एखाद्याचं उत्तर अर्धवट आलं तर ते तिथंच सोडून दुसऱ्याकडं जातो आणि मग पुन्हा पहिल्याकडं येतो. हे का केलं, ते तास संपल्यावर तिला सांगा. “मी तिथं प्रश्न सोपा का केला माहीत आहे?” एवढ्यानंही सुरुवात होते. आपलं शहाणपण आपण बोलून दाखवलं नाही तर तिला फक्त आपला आवाज आणि आपली छडी दिसते.

अभिप्राय देताना भर वर्गात मधे बोलू नका. गावातल्या लेकरांना खऱ्या मॅडम कोण हे लगेच कळतं, आणि एकदा का ‘ह्या शिकायला आलेल्या मॅडम’ असं झालं की त्या पोरीचं कुणी ऐकत नाही. जे सांगायचं ते नंतर, एकटीला. आणि एका वेळी एकच गोष्ट. दहा सूचना ऐकून माणूस फक्त खजील होतो.

आता अडचणीच्या विषयाकडं येते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत ६० पटापर्यंत दोन शिक्षक. आपल्याकडच्या वाड्यांवरच्या आणि पोडांवरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरच्या, बहुतेक शाळा याच हिशोबात बसतात. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात एक जण ऑनलाइन माहिती भरायला किंवा निवडणुकीच्या कामाला. अशात छात्राध्यापक आले की जीव हायसा होतो आणि आपण एक वर्ग त्यांच्या हवाली करून मोकळे होतो. तुमची ओढाताण मला माहीत आहे, मीही अशाच शाळांत नोकरी केली. तरी सांगते, असं करू नका. एकट्या पडलेल्या त्या मुलीला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकायला मिळते, ती म्हणजे वर्ग गप्प कसा ठेवायचा. त्यापेक्षा दोन इयत्ता एकत्र कशा चालवायच्या हे तिला तुमच्यासोबत राहून शिकू द्या. पहिलीला गोष्ट सांगताना दुसरीच्या हाती कोणतं काम द्यायचं, ते काम न विचारता करता येईल असं कसं मांडायचं, कोणत्या वेळी दोघांना एकत्र घ्यायचं. हे बहुवर्ग अध्यापन तुम्ही रोज करता आणि कॉलेजच्या वर्गात ते दाखवता येत नाही.

भाषेचंही तसंच आहे. आपल्याकडं कोलाम पोडांवरची लेकरं पहिलीत येतात तेव्हा त्यांच्या घरची भाषा कोलामी असते. मेळघाटात कोरकू असेल, गडचिरोलीकडं गोंडी किंवा माडिया. शहरातून आलेली छात्राध्यापिका वहीत लिहिते, ‘मूल बोलत नाही, प्रतिसाद कमी.’ तिला हात धरून सुट्टीत बाहेर न्या. तेच मूल हातपंपापाशी भावंडाशी किती भडाभडा बोलतं ते ऐकवा. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असं आपल्या संविधानाच्या ३५०-अ या अनुच्छेदात आहे. ती सोय पूर्ण होईल तेव्हा होईल. तोवर त्या लेकराच्या भाषेतले पाच-पंचवीस शब्द वरच्या वर्गातल्या कोलाम पोरांकडून शिकून घेणं कुणाच्याही हातात आहे, आणि ती वरच्या वर्गातली पोरं गुरुजींना शिकवायला मिळतं म्हणून इतकी आनंदून जातात की बघत राहावं. वऱ्हाडी बोलणाऱ्या लेकरांचंही ध्यानात ठेवा. ‘मले येते’ म्हणणाऱ्या पोराला ‘मला येतं म्हण’ असं तिथल्या तिथं अडवलं की काय येतं ते सांगायचं राहूनच जातं. आधी त्याचं म्हणणं पुरं होऊ द्यायचं, हेही तिला तुमच्याकडं बघूनच कळेल.

आणि वेचणी. छात्राध्यापक नेमके कापूस फुटल्यावर येतात. मायबाप सकाळीच वावरात जातात, मजुरी किलोवर मिळते, म्हणून मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते. हजेरीपटावर त्या पोरीपुढं सलग गैरहजेरी लागते. छात्राध्यापिकेला एखाद्या संध्याकाळी सोबत घेऊन त्या घरी जा. वर्गात परत आल्यावर त्या पोरीला मागचं कसं भरून द्यायचं, याचा विचार घर पाहिल्यावर वेगळा होतो. आपल्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७मध्ये शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीम ही गांधीजींची शिक्षणपद्धती पुढं आली. हाताचं काम आणि गावाचं जगणं शिक्षणाच्या मधोमध असावं ही कल्पना आपल्या विदर्भाच्याच मातीत रुजली. वावर, वेचणी, काटा, किलो, भाव हे सगळं आपल्या लेकरांना तोंडपाठ आहे. गणिताचे पाठ टाचणात काढताना छात्राध्यापकांना तिथं न्या.

कॉलेजच्या मंडळींना मी वेगळं लिहिणार आहे की एका लहान शाळेत दोनपेक्षा जास्त जणांना पाठवू नका, आणि प्राध्यापक आले की त्यांनी मार्गदर्शक शिक्षकाशीही बसून बोलावं. तुमच्याकडून मात्र एक हवं आहे. नोंदवहीवर सही करायच्या आधी तिची ती साधी वही मागा. त्यातलं एका लेकराचं पान वाचा आणि त्या लेकराबद्दल तिला एक प्रश्न विचारा. उत्तर ऐका, मग सही करा.

आता तुम्ही बोला. ज्यांची शाळा सध्या एकशिक्षकी झाली आहे त्यांनी आधी सांगा, कारण तिथं यातलं काय जमेल ते आपल्याला आत्ताच ठरवावं लागेल.