पैलवान डॉक्टर आणि जुनाट दुखणी

मंडळी, कुस्तीवर जीव असलेल्या गावात बोलायला उभा आहे, तेव्हा सुरुवात एका पैलवानापासूनच करतो. जॉन बोनिका. जन्म 1917 चा, सिसिलीजवळच्या फिलिकुडी नावाच्या छोट्या बेटावरचा. दहाएक वर्षांचे असताना कुटुंब अमेरिकेत आलं आणि पुढे काही वर्षांतच वडील गेले. घरही चालवायचं आणि डॉक्टरही व्हायचं, तर पैसा हवा. तो त्यांनी कुस्तीतून काढला. वैद्यकीय शिक्षण चालू असताना ते ‘जॉनी बुल वॉकर’ या नावानं व्यावसायिक कुस्त्या लढत. लष्करात डॉक्टर झाल्यावर मुखवटा चढवून लढत. मोडलेल्या बरगड्या, चुरगळलेले कान आणि कामातून गेलेले खुबे ही त्या कुस्त्यांची देणगी त्यांना जन्मभर पुरली. वेदनेच्या वैद्यकाचा पाया घालणारा हा माणूस स्वतः रोज दुखणं सोसत होता.

1944 साली वॉशिंग्टन राज्यातल्या मॅडिगन लष्करी रुग्णालयात त्यांच्याकडे भूल विभागाची जबाबदारी आली. वय अवघं सत्तावीस. युद्धात जखमी झालेले सैनिक तिथे येत. जखमा भरत, टाके निघत, पण काहींचं दुखणं जात नसे. नस दुखावलेल्या हाताला वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही, पाय कापला गेलाय तरी त्या नसलेल्या पायाची बोटं पिळवटतात, असे ते रुग्ण. बोनिका नसांभोवती बधिर करणारी इंजेक्शनं देत. काहींना आराम पडे, काहींना अजिबात नाही. पाठ्यपुस्तकांत पाहावं तर तिथेही फारसं काही नाही. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. मज्जासंस्थेचे, हाडांचे, मनाचे असे वेगवेगळे डॉक्टर दुपारच्या जेवणाला एकत्र बसवले आणि एकेका अवघड रुग्णावर चर्चा सुरू केली. माझ्या मते ते टेबल हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम आहे. 1953 मध्ये आलेला त्यांचा सुमारे 1,500 पानांचा ग्रंथ आणि 1960 पासून सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात उभं राहिलेलं वेदना-केंद्र या दोन्हींचं मूळ तिथेच आहे.

सिअ‍ॅटलमध्ये त्यांना विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ सहकारी मिळाले. फोर्डाइस यांचं म्हणणं समजावं म्हणून माझ्या ओपीडीतली एक बाई सांगतो. चाळिशीच्या, घरी शिवणकाम करणाऱ्या. कंबर दुखते चार वर्षं. प्लास्टिकच्या पिशवीत एमआरआयच्या फिल्म, सहा डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. पहिलाच प्रश्न त्यांनीच विचारला, “डॉक्टर, फोटो नॉर्मल आहे म्हणतात सगळे. मग मला दुखतं ते खोटं का?” बरं वाटलं त्या दिवशी या बाई साचलेलं काम उपसायला दिवसभर मशीनवर बसायच्या आणि नंतर दोन दिवस अंथरुणाला खिळायच्या. हळूहळू बरे दिवस कमी होत गेले.

फोर्डाइस सांगत की दुखेल तेव्हा थांबू नका, ठरलं असेल तेव्हा थांबा. त्याप्रमाणे आम्ही आधी मोजलं. त्या सलग वीस मिनिटं बसू शकत होत्या, म्हणून पंधरावर सुरुवात केली. दिवस चांगला असो की वाईट, पंधरा मिनिटं झाली की उठायचं, चार पावलं चालायचं, पुन्हा बसायचं. वेळ थोडी थोडी वाढवत न्यायची. गोळीसुद्धा घड्याळाप्रमाणे, कळ आली म्हणून नाही. जोडीला फिजिओथेरपी, झोपेची घडी बसवणं आणि घरच्यांना समोर बसवून बोलणं. त्यांच्या सासूबाईंना ‘ही नाटक करत नाही’ हे समजावण्यात माझा अख्खा तास गेला, आणि तो तास कुठल्याही इंजेक्शनाइतकाच उपचार होता.

नाटक का नाही, याला शास्त्राचा भक्कम आधार आहे. 1965 मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की वेदनेचे संदेश मज्जारज्जूतून जसेच्या तसे मेंदूकडे जात नाहीत. तिथे एक फाटक आहे, ते कमी-जास्त उघडतं. ठेच लागल्यावर आपण जागा चोळतो ती उगाच नाही, स्पर्शाच्या संदेशानं ते फाटक थोडं लोटलं जातं. पुढे 1983 मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की इजेच्या माऱ्यानंतर मज्जारज्जूच अतिसंवेदनशील होऊ शकतो. मग साधा स्पर्शही दुखू लागतो. हा बदल एक्स-रेमध्ये दिसत नाही, एमआरआयमध्येही नाही.

बोनिकांनी 1973 मध्ये सिअ‍ॅटलजवळच्या इसाक्वा इथे जगभरातले सुमारे 300 संशोधक आणि डॉक्टर जमवले. त्यातूनच वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली. या संघटनेनं 2020 साली वेदनेची व्याख्या सुधारली तेव्हा सोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट नोंदवलं की, माणूस दुखतंय म्हणून सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतःचं स्थान मिळालं. बोनिका ते पाहायला नव्हते. 1994 मध्ये त्यांचं निधन झालं. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, चालणं अवघड झालं, तरी शेवटच्या वर्षांपर्यंत ते काम करत राहिले.

इथे माझी तक्रार आहे, ती मोकळेपणानं मांडतो. आपल्याकडे सुईचे पैसे मिळतात, बोलण्याच्या तासाचे मिळत नाहीत. त्यामुळे तरुण डॉक्टर सुई शिकतो, ऐकायला बसत नाही. मणक्यातलं इंजेक्शन मीही देतो, योग्य रुग्णाला ते वरदान आहे. पण सहा महिन्यांत चौथं इंजेक्शन घ्यायला आलेल्या माणसाला बहुतेक वेळा पाचव्याची गरज नसते.

जिल्हा रुग्णालयांकडे मी नवी यंत्रं मागत नाही. भूलतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट बहुतेक ठिकाणी आहेत, फक्त ते वेगवेगळ्या खोल्यांत बसतात. आठवड्यातली एक दुपार, एक खोली आणि त्या दुपारी या चौघांची सक्तीची हजेरी, एवढा एक आदेश निघाला तर काम पुढच्या सोमवारीही सुरू होऊ शकतं. समोर बसलेल्यांपैकी ज्यांचा रुग्ण कल्याण समितीशी संबंध आहे, त्यांनी जाण्यापूर्वी मला भेटावं.