एक अमावस्या, दोन वाटा

(पडद्यावर: भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पानं उलटत जातात आणि एका पानावर थांबतात.)

2 ऑगस्ट 2027. सोमवार. आषाढ अमावस्या, म्हणजे आपली दिव्याची अवस. समया, निरांजनं, लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडायचा दिवस. या अमावस्येचं दुसरं नाव ज्यांना जास्त जवळचं वाटतं, त्यांचे बेत वेगळे असतील. त्यात आपण पडायला नको.

त्या दुपारी इजिप्तमधल्या लक्सर शहरावरचा सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पुरता झाकला जाईल. आणि त्याच दिवशी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्यातलं पहिलं अमृतस्नान, म्हणजे पूर्वीचं शाहीस्नान, आहे.

सूर्यग्रहण अमावस्येलाच होतं, आणि सोमवारी आलेली अमावस्या म्हणजे स्नानाची पर्वणी. तेव्हा दोन्हीकडची तारीख ठरवली आहे ती चंद्रानं. एका माणसाला दोन्हीकडे हजर राहता येणार नाही. मग जायचं कुठे, आणि जायचं तर तयारी कसली?

(पडद्यावर: नकाशावरून सरकत जाणारी काळी सावली.)

आधी ग्रहण. चंद्राची सावली अटलांटिक महासागरावर उतरेल. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरून, स्पेनचं दक्षिण टोक आणि मोरोक्कोचं उत्तर टोक झाकत ती अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया ओलांडून इजिप्तमध्ये शिरेल. पुढे तांबडा समुद्र, जेद्दा, मक्का, येमेन, सोमालिया आणि शेवटी हिंदी महासागर. इजिप्तमध्ये या पट्ट्याची रुंदी सुमारे अडीचशे किलोमीटर. सर्वांत लांब खग्रास लक्सरच्या आग्नेयेला, 6 मिनिटं 23 सेकंद. एवढं लांब खग्रास यानंतर थेट 2114 साली.

इतकं लांब का, याची कारणं साधी आहेत. चंद्र त्या दिवशी पृथ्वीजवळ असेल, त्यामुळे नेहमीपेक्षा मोठा दिसेल. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते, म्हणून सूर्य किंचित लहान. आणि भर दुपारी, उष्ण कटिबंधाजवळ, जमीन स्वतःही सावली जाते त्याच दिशेनं धावत असते. सावली तिला ओलांडून जायला जास्त वेळ घेते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण दर ग्रहणाला लोक तिथेच फसतात. ‘कैरोतून बरंचसं दिसेलच की, मग आणखी खाली लक्सरला कशाला?’ कैरो पट्ट्याच्या बाहेर आहे. तिथे खंडग्रास दिसेल आणि खंडग्रास म्हणजे कमी प्रतीचं खग्रास नव्हे. ती वेगळीच घटना आहे. भर दिवसाचा सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे चार लाख पट तेजस्वी. नव्व्याण्णव टक्के झाकला तरी उरलेला एक टक्का चंद्राच्या चार हजार पट. त्या उजेडात सूर्याभोवतीचा प्रभामंडल दिसणं शक्य नाही. तो दिसतो तो शेवटचा किरण विझल्यावर. चंद्राच्या कडेवरच्या दऱ्यांमधून निसटलेले प्रकाशाचे मणी, मग हिऱ्याची अंगठी, मग काळी चकती आणि तिच्याभोवती पांढरी, रेशमी प्रभा. खग्रासाची तेवढी मिनिटं ग्रहणाचा चष्मा डोळ्यांवरून काढायचा. पहिला किरण परत आला, की पुन्हा चढवायचा.

(पडद्यावर: पावसाळी पहाट. तापीचा काठ. छत्र्या.)

हे ग्रहण आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचं आहे. 22 जुलै 2009 आठवतंय? सुरत, बडोदा, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा. मुंबई-पुण्याहून गाड्या भरभरून माणसं रातोरात सुरतेला गेली होती. या शतकातलं सर्वांत लांब खग्रास, आणि वर गच्च ढग. अंधार झाला, पाखरं गोंधळली, उजेड परत आला. सूर्य काही दिसला नाही. बिहारमधल्या तारेगणा गावी जमलेल्या प्रचंड गर्दीच्या नशिबीही ढगच. वाराणसीच्या घाटांवर मात्र आकाश मोकळं झालं.

2009 चं आणि 2027 चं ग्रहण एकाच मालिकेतलं आहे. 18 वर्षं, 11 दिवस आणि सुमारे 8 तास एवढ्या अवधीनं सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ त्याच मांडणीत परत येतात. या चक्राला सारोस म्हणतात. त्यातले ते वरचे आठ तास महत्त्वाचे: तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश वळते, म्हणून ग्रहण तेच, पण पट्टा पश्चिमेकडे सरकलेला. 1991 ला मेक्सिको, 2009 ला भारत आणि चीन, 2027 ला उत्तर आफ्रिका, 2045 ला अमेरिका. सुरतेत हुकलेला सूर्य लक्सरला गाठायचा, तर ही त्याच कुटुंबातली पुढची भेट आहे.

भारतातल्या ग्रहणांचा हिशेब मांडला, तर तो ऋतूवर येऊन थांबतो. फेब्रुवारी 1980 चं खग्रास कारवारपासून पुरीपर्यंत गेलं, आकाश निरभ्र, आणि रस्ते ओस. माणसं दारं लावून घरात बसली होती. ऑक्टोबर 1995 चं दिवाळीतलं ग्रहण राजस्थानातून बंगालकडे गेलं, जेमतेम मिनिटभराचं, पण लख्ख. ऑगस्ट 1999 चं भुजवरून आत आलं, ते ढगांत. जुलै 2009 चं आत्ताच सांगितलं. ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत काढता येते. ढगांची तशी नाही. ढगांबाबत हातात असतात त्या वर्षानुवर्षांच्या नोंदी.

(पडद्यावर: विजयदुर्गचा तट, खाली समुद्र.)

ही चिंता जुनी आहे. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण कोकण किनाऱ्यावरून आत येऊन दख्खन ओलांडून गेलं. भर पावसाळा. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी किनाऱ्यावरचं दमट धुकं आणि डोंगरांवरचे ढग दोन्ही टाळायचे म्हणून मधलं गुंटूर निवडलं, आणि त्यांना आकाश मोकळं मिळालं. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण रोखून बसले होते. त्यांना ढगांच्या फटींतून काय ते पाहावं लागलं. त्या वर्षी सूर्याच्या ज्वाळांच्या प्रकाशात जी अनोळखी पिवळी रेघ सापडली, तिच्यावरूनच पुढे हेलियमचा शोध लागला. विजयदुर्गावर आजही ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकियर साहेबांनी हेलियम इथूनच शोधला असं सांगतात. लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होते. ओटे पाहायला जरूर जा. कथेतलं ग्रहण तेवढं दुरुस्त करून घ्या: लॉकियर तिथे आले ते 1898 च्या ग्रहणाला.

(पडद्यावर: नाईल. पलीकडे रखरखीत डोंगर.)

म्हणून लक्सर. ऑगस्टमध्ये तिथल्या आकाशात ढग शोधावा लागतो. पण त्याची किंमत आहे: पारा चाळिशीच्या पुढे. एरवी लक्सरचा हंगाम थंडीतला, उन्हाळ्यात तिथे सहसा कुणी जात नाही. 2027 च्या उन्हाळ्याचं तसं नाही. सहल कंपन्यांनी तिथल्या खोल्या काही वर्षं आधीपासून अडवायला घेतल्या. खोली मिळत नसेल, तर लक्सरवर अडून बसू नका. जवळच्या गावी उतरा, फक्त पट्ट्याच्या आत. कडेपासून थोडं आत गेलात तरी खग्रासाची मिनिटं भराभर वाढतात. मात्र ग्रहणाच्या दिवशी सकाळी लांबून गाडीनं येण्याचा बेत आखू नका. सगळ्यांचा तोच बेत असतो. दोन दिवस आधी पोचा, दुसऱ्या दिवशी निघा. व्हिसा आधी काढून ठेवा.

छायाचित्रं काढणाऱ्यांसाठी एक सूचना. कर्नाकचे खांब आणि त्यांच्यामधून दिसणारा काळा सूर्य, असं चित्र मनात असेल तर ते सोडून द्या. दुपारी एकच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून 82 अंशांवर असेल. देवळाच्या पायाशी कॅमेरा टेकवून वर रोखला, तरच एखादं टोक चौकटीत येईल. बरोबर सतरंजी न्या आणि उताणे पडा. देखाव्यासह ग्रहण हवं असेल, तर 12 ऑगस्ट 2026 चं ग्रहण त्या जातीचं: स्पेनमध्ये मावळतीला टेकलेला सूर्य, खाली डोंगर किंवा समुद्र, पण खग्रास दोन मिनिटांच्याही आत, आणि क्षितिजावरचा एखादा ढग सगळ्यावर पाणी फिरवू शकतो. माझं मत विचाराल तर आयुष्यातलं पहिलं खग्रास लांब असावं. पहिलं मिनिट तोंडाचा आ वासण्यातच जातं.

ग्रहणाचा निदान दिवस तरी ठरलेला. ठराविक वर्षांनी फुलणाऱ्या वनस्पतींची पर्वणी याहून अवघड. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कारवी आठ वर्षांनी फुलते: 2008, 2016, 2024. मुन्नारची नीलकुरिंजी बारा वर्षांनी: 2006, 2018, आणि आता 2030. वर्ष पक्कं, पण आठवडा पावसाच्या मर्जीवर. 2018 च्या ऑगस्टात केरळात महापूर आला. रस्ते वाहून गेले, फुलोरा उशिरा आणि तुटक आला. बारा वर्षं थांबलेले कित्येकजण घरीच राहिले. अशा सहलीची तिकिटं अशी काढावीत, की चार दिवस पुढे ढकलता येतील.

(पडद्यावर: रामकुंड. पाण्यात उभा दुतोंड्या मारुती.)

आता नाशिक. ही तारीख चंद्राइतकीच गुरूची. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. गुरूला सूर्याभोवती फिरायला पूर्ण बारा वर्षं लागत नाहीत, 11.86 लागतात. म्हणून साधारणपणे बारा वर्षांनी येणारा मेळा क्वचित अकरा वर्षांवर येतो. हरिद्वारचा 2010 नंतर 2021 ला आला, तो याचमुळे. नाशिकचा 2003, 2015 आणि आता 2026 च्या ऑक्टोबरातल्या ध्वजारोहणापासून जुलै 2028 पर्यंत. अमृतस्नानाचे दिवस: 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट, आणि सप्टेंबरमध्ये 11 तारखेला नाशिकला, 12 ला त्र्यंबकेश्वरला. वैष्णव आखाडे रामकुंडात, शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तात. 31 ऑगस्टच्या अमावस्येला रवी, चंद्र आणि गुरू तिघेही सिंहेत असतील.

सूर्य सिंहेत म्हणजे पावसाळा आलाच. गोदावरीला पूर किती आला, हे नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून सांगतात: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की घाट पाण्याखाली. उलटंही होतं. 2015 चं वर्ष दुष्काळी होतं. स्नानासाठी धरणातून पाणी सोडावं का, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला.

आणि गर्दी. 27 ऑगस्ट 2003 ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविक गेले. म्हातारी माणसं, लहान मुलं बरोबर असतील, तर पर्वणीचा दिवस टाळा, असं स्पष्टच सांगतो. सिंहस्थ मधल्या दिवसांतही असतो. साधुग्राम असतं, आखाडे असतात, कीर्तन-प्रवचनं असतात, आणि साधू बोलायला मोकळे सापडतात. पर्वणीलाच जायचं असेल तर चालण्याची तयारी ठेवा. खाजगी गाड्या शहराबाहेरच थांबवतात, तिथून पुढे बस आणि मग पाय.

नाशिकहूनही 2 ऑगस्टला दुपारनंतर खंडग्रास ग्रहण लागेल. ढग फाटले तर दिसेल. ग्रहण पाळणाऱ्यांच्या दृष्टीनं एकाच दिवशी अमावस्येची पर्वणी आणि ग्रहणाचं स्नान, दोन्ही.

(पडद्यावर: अंधारलेलं दुपारचं आकाश. सूर्याच्या पूर्वेला एक ठिपका.)

लक्सरला जाणाऱ्यांनी त्या सहा मिनिटांतले काही सेकंद राखून ठेवावेत. नजर सूर्यावरून हलवा. अगदी जवळ, दोन-तीन अंशांवर शुक्र असेल. आणि पूर्वेकडे, वीसेक अंशांवर, गुरू. नाशिकला ज्याच्यासाठी हा मेळा भरलाय, तोच. नाशिककरांना तो त्या दिवशी मावळत्या सूर्याच्या उजेडात सापडणं कठीण. भर दुपारी तो दिसेल लक्सरला.

दोन्ही हुकलं तर? पुढचा सिंहस्थ बारा वर्षांनी. खग्रासाला एवढं थांबायला नको: 20 मार्च 2034 ला सावली इजिप्त, अरबस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून काश्मीर-लडाखच्या पट्ट्यात येईल, कलत्या उन्हात. पाऊस नाही, पण मार्च म्हणजे हिमालयात बर्फ, आणि झोजिला खिंड उघडी असेल की नाही याची खात्री नाही. विमानाचं तिकीट मिळवलंत तर मुक्काम एक दिवस वाढवा. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा आहे. गुढीसाठी काठी तिथे मिळेल, कडुलिंब मात्र इथूनच न्यावा लागेल.