वाडीच्या ग्रुपवरचा अल्बम

मे महिना सुरू आहे आणि कुडाळच्या बाजारपेठेतील या फोटो स्टुडिओत कोणालाही उसंत नाही. संगणकाच्या पडद्यावर एका लग्नाचे हजारो फोटो उघडलेले आहेत. ते निवडणारा तरुण बाणाचे बटण दाबत पुढे सरकतो, मधेच थांबतो, डोळे मिटलेल्या मावशींचा फोटो बाजूला काढतो आणि पुन्हा सरकू लागतो. पंचवीस वर्षांपूर्वी हे काम संपले की जाड पुठ्ठ्याचा, मखमली वेष्टणाचा अल्बम तयार होई. तो पाहायचा तर लग्नघरी जावे लागे आणि पाने उलटणाऱ्यासमोर घरातले कोणी ना कोणी बसलेले असे. आता स्टुडिओ ग्राहकाच्या हातात लॅमिनेट केलेले एक छोटे कार्ड ठेवतो. कार्डावर क्यूआर कोड असतो आणि त्याखाली पासवर्ड छापलेला असतो. घरी पोहोचण्यापूर्वीच कोणीतरी त्या कार्डाचा फोटो काढतो आणि मागच्या सीटवरून आवाज येतो, “वाडीच्या ग्रुपार टाक रे!”

त्या ग्रुपमध्ये वाडीतील माणसे असतात, मुंबईतील चाकरमानी असतात, आखातात नोकरीला गेलेले भाचे असतात आणि गावातून केव्हाच उठून गेलेले, तरीही ग्रुपमध्ये राहिलेले काही भाडेकरूही असतात. अल्बममध्ये अक्षता आहेत आणि सप्तपदी आहे, पण हळदीच्या सकाळी भिजलेल्या साडीत हसणारी नवरीही आहे, मागच्या पडवीत केस विंचरणाऱ्या बायका आहेत आणि उघड्या अंगाने धावणारी पोरे आहेत. छायाचित्रकाराने हे सारे चांगल्या हेतूने टिपले आणि घरच्यांना ते आवडलेही. तरीही नवरीने हे फोटो कोणासाठी काढू दिले होते, हा प्रश्न त्या ग्रुपवर कोणी विचारत नाही.

ऑनलाइन अल्बम उघडा की बंद, हे ठरवण्याच्या पद्धती सेवेगणिक वेगळ्या आहेत. 2004 साली सुरू झालेल्या फ्लिकरवर प्रत्येक फोटो सर्वांसाठी खुला, फक्त मित्रांसाठी, फक्त कुटुंबासाठी किंवा पूर्ण खासगी ठेवता येतो. व्यावसायिक छायाचित्रकारांमध्ये रुळलेल्या स्मगमगसारख्या सेवेत संपूर्ण गॅलरीला पासवर्ड लावता येतो. आपल्याकडे बहुतेकांच्या फोनमध्ये असलेल्या गूगल फोटोजमध्ये मात्र अल्बमला स्वतंत्र पासवर्ड लावण्याची सोयच नाही. तेथे एक तर अल्बम ठरावीक खात्यांना दाखवता येतो किंवा लिंक तयार करता येते, आणि ती लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला अल्बम दिसतो. याच सेवेतील लॉक्ड फोल्डर हा वेगळा प्रकार आहे. त्यातील फोटो फोनचे कुलूप उघडल्यावाचून दिसत नाहीत आणि ते अल्बममध्ये घालताही येत नाहीत, त्यामुळे चार माणसांना दाखवायच्या फोटोंसाठी त्याचा उपयोग नाही.

लिंकवर चालणारा अल्बम सुरक्षित वाटतो, कारण तिच्यातील अक्षरांची लांबलचक मालिका अंदाजाने शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते. धोका अंदाजाचा नाहीच. वळचणीला खोचलेली किल्ली जशी चोराला माहीत नसली तरी साऱ्या वाडीला माहीत असते, तशी ही लिंक असते. ती पुढे पाठवण्यास कोणाची परवानगी लागत नाही, आणि कोणी ती एखाद्या सार्वजनिक पानावर चिकटवली तर शोधयंत्रेही तिच्यापर्यंत पोहोचू शकतात. यावर उपाय एवढाच की, मालकाने सेटिंगमध्ये जाऊन लिंक शेअरिंग बंद करावे. तसे केले की जुनी लिंक निकामी होते. बहुतेक घरांत हे बटण कोणी पाहिलेलेही नसते.

आता कार्डावरील पासवर्डकडे पाहू. स्टुडिओच्या मालकांनी दाखवलेल्या जुन्या कार्डांवर एकच रीत दिसते: लग्नाची तारीख, आठ आकड्यांत, मधे टिंब नाही. आठ आकड्यांचे पासवर्ड एकूण दहा कोटी होऊ शकतात, म्हणून हा पासवर्ड भक्कम भासतो. परंतु तो चालू वर्षातील तारीख आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यापुढे फार तर 366 पर्याय उरतात. ज्याच्याकडे लग्नपत्रिका आहे, त्याला तर एकच प्रयत्न पुरतो. मोबाइल क्रमांकाचेही तेच. नवऱ्यामुलाच्या मामांचा क्रमांक पत्रिकेवर छापलेला असतो आणि पासवर्डही तोच असतो.

याउलट, रोजच्या वापरातले, पण एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द चिठ्ठ्या टाकून निवडले, तर हिशोब पालटतो. दोन हजार शब्दांच्या यादीतून असे चार शब्द उचलले, तर सोळा लाख कोटी जुळण्या होतात. चिठ्ठ्या मात्र खऱ्याच टाकल्या पाहिजेत; मनाने निवडले की माणूस आमरस, काजू, फणस, कोकम असेच म्हणणार. येथे एक कोकणी अडचण आहे, जिचा विचार पासवर्डचे सल्ले देणारे करत नाहीत. बहुतेक पासवर्ड रोमन अक्षरांत टाइप करावे लागतात आणि मराठी शब्द रोमन अक्षरांत प्रत्येक जण आपापल्या परीने लिहितो. वहिनीतला ‘व’ कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी दुसऱ्या. दीर्घ ‘ई’साठी कोणी एक अक्षर वापरतो, कोणी दोन. त्यामुळे शब्द एकाच प्रकारे लिहिले जातील असे निवडावेत, नाहीतर आजोबा तीनदा चुकतात आणि शेवटी नातू अल्बमचा पासवर्डच काढून टाकतो.

पासवर्ड कितीही चांगला असला, तरी तो लिंकच्या शेजारीच छापला असेल तर त्याचे काम संपलेले असते. ज्याच्याकडे लिंक पोहोचली त्याच्याकडे पासवर्डही पोहोचला. लिंक ग्रुपवर गेली तर जाऊ द्यावी. पासवर्ड मात्र फोनवर सांगावा. शिवाय, दोनशे माणसांना एकच पासवर्ड दिला, तर त्यातून फोटो कोणी बाहेर काढला हे कळण्याचा मार्ग राहत नाही. जवळच्या पंधरा-वीस माणसांसाठी प्रत्येकाच्या खात्याला निमंत्रण देणे खटपटीचे असले तरी अधिक योग्य, कारण एखाद्याचा प्रवेश काढून घ्यायचा झाल्यास इतरांना त्रास होत नाही.

लग्नापेक्षा अधिक जपून ठेवावा असा अल्बम भाद्रपदात तयार होतो. गौरी उभ्या राहतात, नव्या सुना ओवसा भरतात, आणि देवीच्या अंगावर घरातले सोने घातलेले असते. तिच्यासमोर सगळे उभे राहून फोटो काढतात. विसर्जन झाले की चाकरमानी परततात आणि त्यातली कित्येक घरे पुढच्या शिमग्यापर्यंत कुलूपबंद राहतात. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये, लोकेशनची परवानगी दिलेली असल्यास, अक्षांश आणि रेखांशही नोंदले जातात. अंशाच्या चौथ्या दशांश स्थळापर्यंतची नोंद उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे अकरा मीटरची अचूकता देते. एवढ्यात घर कोणते हे कळू शकते. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर ही नोंद गळून पडते, परंतु ‘क्वालिटी जाता नये’ म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच राहते. अल्बम शेअर करताना लोकेशन लपवण्याचे वेगळे बटण गूगल फोटोजमध्ये आहे. गौरीच्या अल्बमसाठी ते दाबायला विसरू नये.

काही स्टुडिओ आता चेहरा ओळखणारी सोय देतात. पाहुण्याने सेल्फी काढला की त्याचे स्वतःचे फोटो वेगळे निघतात आणि बाकीचे दिसत नाहीत. वरवर पाहता ही व्यवस्था पासवर्डपेक्षा सभ्य आहे. मात्र त्यासाठी मांडवातील प्रत्येकाचा, अगदी पाळण्यातल्या बाळाचाही, चेहरा यंत्राने मोजलेला असतो, आणि तशी परवानगी पाहुण्यांकडून कोणी घेतलेली नसते.

कायद्याची बाजू थोडी अनपेक्षित आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, कोणी पैसे देऊन छायाचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर त्याचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याकडे असतो. म्हणजे लग्नाचे फोटो सहसा लग्नघराचे असतात आणि स्टुडिओने ते जाहिरातीसाठी आपल्या इन्स्टाग्रामवर टाकण्यापूर्वी विचारणे भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 ई संमतीविना खासगी अवयवांचे चित्र टिपणे किंवा पसरवणे याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा सांगते. अशा प्रकारात पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. पण हळदीतला भिजलेल्या साडीचा फोटो या कलमात बसेलच असे नाही. नवरीला तो दहा अनोळखी फोनवर नको असतो, एवढीच तिची तक्रार असते आणि एवढ्या तक्रारीसाठी पोलीस ठाण्याची पायरी फारसे कोणी चढत नाही. म्हणूनच काम अल्बम बनवतानाच व्हावे लागते.

या स्टुडिओने आता दोन अल्बम करायला सुरुवात केली आहे. पहिल्यात विधी, वरात, पंगत आणि सर्वांबरोबरचे फोटो असतात; तो ग्रुपवर फिरला तरी हरकत नसते. दुसरा हळदीचा आणि घरातला. त्यात काय जाईल हे नवरी स्वतः संगणकासमोर बसून ठरवते, आणि त्याचा पासवर्ड कार्डावर छापला जात नाही. डाउनलोडचे बटण दुसऱ्या अल्बमवर बंद असते. त्याने स्क्रीनशॉट थांबत नाही, हे मालक ग्राहकाला आधीच सांगतात. तीन महिन्यांनी दोन्ही अल्बम सर्व्हरवरून काढले जातात आणि मूळ फोटो पेनड्राइव्हवर घरी पोहोचवले जातात.

त्यानंतरही स्टुडिओचा फोन वाजतो. पलीकडून एखादे काका विचारतात, लिंक उघडत नाही, बंद का केली? मालक त्यांना नवरीच्या घरचा क्रमांक देत नाहीत. तो काकांकडे असतोच. ते एवढेच म्हणतात, “काका, फोटो आता तिच्याकडे आहेत. तिला विचारा, ती पाठवेल.” काही काका विचारतात, काही रागावतात, आणि काहींना आपल्याला नेमका कोणता फोटो हवा होता हे सांगणे अवघड जाते.