पत्ता ओळखीचा, पाठवणारा कोण?

[दृश्य : इंदूर. राजवाड्यामागची गल्ली, पॅथॉलॉजी लॅबचा काउंटर, सकाळ.]

या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग सकाळी सातपासून लागते. फॉर्म हिंदीत भरला जातो, डॉक्टर आणि तंत्रज्ञ आपसांत मराठीत बोलतात, आणि आतल्या खोलीतले रक्तपेशी मोजणारे यंत्र शेजारच्या सर्व्हरशी एका तिसऱ्याच भाषेत बोलत असते. आपला विषय ते तिसरे संभाषण हा आहे. त्यात माणूस कुठेच नसतो. एक प्रोग्रॅम संदेश पाठवतो, दुसरा तो खरा मानून नोंदवून घेतो, आणि त्या विश्वासावर छापलेला रिपोर्ट संध्याकाळी कुणाच्या तरी हातात पडतो.

[दृश्य : पडद्यावर एक संदेश, अगदी जवळून.]

या संदेशांच्या रचनेला एचएल-सेव्हन म्हणतात. हे प्रमाण ठरवणारी संस्था १९८७ साली अमेरिकेत स्थापन झाली, आणि तिच्या प्रमाणाची दुसरी आवृत्ती आजही रुग्णालयांत आणि लॅबमध्ये सर्रास वापरात आहे. एक ओळ पाहू. उभ्या रेघांनी वेगळे केलेले रकाने आहेत : तपासणीचे नाव हिमोग्लोबिन, आकडा ११.२, मोजण्याचे एकक, संदर्भमर्यादा, आणि आकडा मर्यादेच्या खाली असल्याची खूण. सर्वांत वरच्या ओळीत पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचे आणि संस्थेचे नाव असते. पण ते पाठवणाऱ्यानेच लिहिलेले असते, आणि वाटेल त्याला ते लिहिता येते. हा संदेश नेटवर्कवरून नेण्याची नेहमीची पद्धत तर इतकी साधी आहे की आरंभाला एक खुणेचा बाइट, शेवटाला दोन, एवढेच तिचे स्वरूप. पासवर्ड नाही, सही नाही.

म्हणून सर्व्हरवर एक यादी ठेवलेली असते. अमुक तीन पत्त्यांवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांना दिलेल्या आयपी क्रमांकांवरून, जोडणी आली तर घ्यावी, एरवी नाकारावी. या पद्धतीला कमी लेखण्याची चूक कुणी करू नये. यंत्रासोबत आलेल्या सॉफ्टवेअरला हात लावण्याची परवानगी लॅबला बहुधा नसते. यादीसाठी त्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच बदलावे लागत नाही. शिवाय ही तपासणी संदेशाचा पहिला बाइट वाचण्याआधी होते, त्यामुळे संदेश वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एखादा दोष दडलेला असला तरी यादीबाहेरच्या यंत्राला त्या दोषापर्यंत पोहोचताच येत नाही.

यादी तपासण्याचे हे काम वेगळ्या, छोट्या प्रोग्रॅमकडे सोपवण्याचे श्रेय नेदरलँड्सच्या आइंडहोव्हन विद्यापीठातील वीत्से वेनेमा यांना जाते. त्यांच्या विद्यापीठातील संगणकांवर एक घुसखोर पुन्हा पुन्हा येऊन फाइली पुसून जात होता. त्याच्या येण्याजाण्याची नोंद ठेवता यावी म्हणून त्यांनी १९९० साली टीसीपी रॅपर लिहिला. त्याच्या दोन फाइली होत्या, एक परवानगीची आणि एक मनाईची. आधी परवानगीची फाइल वाचली जाई, मग मनाईची, आणि दोहोंत नाव सापडले नाही तर प्रवेश मिळे. फाइली मुळी नसल्या तरीही प्रवेश मिळे. याउलट पोस्टग्रेस या डेटाबेसची यादी वरून खाली वाचली जाते, जुळणारी पहिली ओळ अंतिम ठरते, आणि एकही ओळ जुळली नाही तर जोडणी नाकारली जाते. दोन्ही याद्या दिसायला सारख्याच, पण मौनाचा अर्थ एकीकडे होकार आणि दुसरीकडे नकार. यादी लिहिणाऱ्याने सर्वांत आधी हेच तपासायला हवे, असे आम्हांला ठामपणे वाटते.

[दृश्य : कोपऱ्यातला राउटर, लुकलुकणारे दिवे.]

आता लॅबमधला एक नेहमीचा प्रसंग. रात्री वीज जाते, सकाळी राउटर पुन्हा सुरू होतो आणि यंत्रांना नवे पत्ते वाटतो. पेशी मोजणाऱ्या यंत्राचा पत्ता कालपर्यंत १९२.१६८.१.२० होता, आज तो काउंटरवरच्या लॅपटॉपला मिळाला आहे. तंत्रज्ञ सांगतो, “मॅडम, मशीनचा आयपी बदललाय, म्हणून रिपोर्ट येत नाहीयेत.” रांग वाढलेली असते. “मग सगळं नेटवर्कच टाका ना यादीत, पेशंट किती वेळ थांबतील?” हा डॉक्टरांचा प्रश्न माणुसकीचाच असतो. त्या एका ओळीच्या बदलाने २५४ पत्त्यांना दार उघडते. प्रतीक्षागृहातल्या वाय-फायला जोडलेला एखाद्याचा मोबाइल त्याच नेटवर्कवर असेल तर त्यालाही. उपाय तसा सोपा आहे : राउटरमध्ये त्या यंत्राचा पत्ता कायमचा राखून ठेवणे आणि पाहुण्यांचे वाय-फाय वेगळे काढणे. घाईच्या सकाळी मात्र तो कुणाला सुचत नाही.

पत्त्यावर विसंबण्याची ही रीत आली कुठून? १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या एका आवृत्तीत, विश्वासू यंत्रांची यादी ठेवण्याची सोय होती. त्या यादीतल्या यंत्रावरून आलेल्या वापरकर्त्याला पासवर्ड विचारला जात नसे. तेव्हाच्या परिस्थितीत ते वाजवी होते. संगणक महाग होते, प्रत्येकाचा एक जबाबदार व्यवस्थापक असे, आणि १०२४ च्या खालच्या पोर्टवरून (यंत्रावरच्या क्रमांकित दारावरून) बोलण्याचा अधिकार फक्त त्याच्याकडे असे. घरोघरी संगणक आल्यावर जो तो आपल्या यंत्राचा व्यवस्थापक झाला, आणि त्या व्यवस्थेचा आधार निखळला. १९८५ साली रॉबर्ट मॉरिस यांनी दाखवून दिले की जोडणीच्या आरंभी समोरचे यंत्र देते तो अनुक्रमांक अंदाजाने ओळखता येतो, आणि तो ओळखला की दुसऱ्याच्या पत्त्यावरून बोलल्याचे सोंग वठवता येते. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेटभर पसरलेला किडा, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, याच मॉरिस यांचा. त्याच्या पसरण्याच्या वाटांपैकी एक वाट विश्वासू यंत्रांच्या याद्यांमधून जात होती.

अनुक्रमांकाचा तो धोका प्रत्यक्षात उतरला २५ डिसेंबर १९९४ रोजी, अमेरिकेतील सुरक्षातज्ज्ञ त्सुतोमु शिमोमुरा यांच्या संगणकावर. हल्लेखोराने आधी विश्वासू यंत्राला खोट्या जोडण्यांच्या भडिमाराने गप्प केले, मग त्याच्या नावाने बनावट संदेश पाठवला. उत्तर त्याला दिसत नव्हते. दिसण्याची गरजही नव्हती. त्या एका आंधळ्या संदेशाने विश्वासू यंत्रांच्या फाइलीत दोन अधिक चिन्हे लिहिली गेली. त्यांचा अर्थ : कोणतेही यंत्र, कोणताही वापरकर्ता. पुढे १९९६ साली स्टीव्हन बेलोविन यांनी अनुक्रमांक अंदाजापलीकडे नेण्याची रीत लिहून प्रसिद्ध केली, आणि ही फट बरीचशी बुजली.

तरीही दुसरा प्रश्न उरतोच, आणि आमच्या मते तोच मोठा आहे. पत्ता खरा असला तरी त्या यंत्रावरचा नेमका कोणता प्रोग्रॅम बोलतो आहे हे यादी सांगत नाही. पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणे तयार करण्याच्या टीके या साधनसंचात जॉन ऑस्टरहाउट यांनी दिलेली ‘सेंड’ ही आज्ञा या बाबतीत फार बोलकी आहे. तिच्या साहाय्याने पडद्यावरचा एक प्रोग्रॅम दुसऱ्याला वाटेल ती आज्ञा पाठवू शकतो, आणि दुसरा ती निमूटपणे पाळतो. युनिक्सवरच्या पडदा-सर्व्हरला, म्हणजे प्रोग्रॅमना पडदा वापरू देणाऱ्या प्रोग्रॅमला, यंत्रांची यादी देता येत असे. पण यादीत एक यंत्र घातले की त्यावरचा प्रत्येक वापरकर्ता आत येई. म्हणून टीके या संचाने पुढे अट घातली : यंत्रांची यादी लागू असली पाहिजे आणि ती पूर्णपणे रिकामी असली पाहिजे, तरच बाहेरून आलेली ‘सेंड’ स्वीकारली जाईल. म्हणजे आत यायचे तर पत्त्याचा आधार मिळणार नाही. वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेला १२८ बिटांचा गुप्त आकडा सादर करावा लागेल.

[दृश्य : सर्व्हरची खोली. नाकारलेल्या जोडण्यांची नोंदवही पडद्यावर.]

लॅबमध्ये हेच, म्हणजे पत्त्याऐवजी गुपितावरून ओळखणे, करायचे तर यंत्राच्या संगणकावर आणि सर्व्हरवर स्टनेलसारखा प्रोग्रॅम बसवता येतो. मूळ संदेश तसाच राहतो. वाटेत तो टीएलएस या सांकेतिक वेष्टनात जातो, आणि दोन्ही बाजू एकमेकांची प्रमाणपत्रे (डिजिटल ओळखपत्रे) तपासतात. यादी काढून टाकायची नाही, ती त्याच्या पुढे उभीच ठेवायची आणि नाकारलेल्या जोडण्यांची नोंद दर आठवड्याला वाचायची. मात्र प्रमाणपत्राची खासगी किल्ली, म्हणजे ते आपलेच असल्याचे सिद्ध करणारा गुप्त आकडा, ज्या फाइलीत असते ती त्या संगणकावरच्या कुणालाही वाचता येत असेल, तर आपण पुन्हा यंत्रालाच ओळखतो आहोत, प्रोग्रॅमला नाही. त्यामुळे ती फाइल स्टनेल ज्या खात्यावर चालतो त्या एकाच खात्याला वाचता यावी, स्टनेलने संदेश फक्त पेशी मोजणाऱ्या सॉफ्टवेअरकडूनच घ्यावेत, आणि तंत्रज्ञाने त्या संगणकावर रोजचे काम वेगळ्या खात्यातून करावे, एवढी मांडणी अजून बाकी राहते.