टॅलाडेगा : एक धक्का आणि २८ गाड्या

[दृश्य : आकाशातून दिसणारा अख्खा ट्रॅक]

६ ऑक्टोबर २०२४. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला टॅलाडेगा सुपरस्पीडवे. शर्यत १८८ लॅप्सची, आणि संपायला जेमतेम पाच लॅप्स उरलेल्या. सगळ्यांत पुढे ऑस्टिन सिंड्रिक, त्याच्या मागे ब्रॅड केसेलोव्स्की, आणि केसेलोव्स्कीला मागून रेटतोय जोई लोगानो. बंपरला बंपर लागतो. सिंड्रिकची गाडी फिरते, आणि बघता बघता ४० पैकी २८ गाड्या त्या एका अपघातात सापडतात. नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यतींच्या कप मालिकेत एवढ्या गाड्यांचा अपघात त्याआधी कधी झाला नव्हता.

या तिघांच्याही गाड्या फोर्डच्या. सिंड्रिक आणि लोगानो तर एकाच पेन्स्की संघाचे. त्यामुळे हा धक्का वैरातून आलेला नव्हता. टॅलाडेगावर जिंकायचं तर ढकलावं लागतं आणि ढकलून घ्यावंही लागतं.

[दृश्य : वळणाचा उतार, खालून वर]

१९६९ मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक ४.२८ किलोमीटर लांबीचा आहे. वळणांना ३३ अंशांचा उतार, कोकणातल्या कौलारू छपराइतका. हा उतार गाडीला वळणात धरून ठेवतो, म्हणून इथे ॲक्सिलरेटर सोडावाच लागत नाही. १९८७ मध्ये बिल एलियटने इथल्या पात्रता फेरीत ताशी सुमारे ३४२ किलोमीटर वेग गाठला. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी टायर फाटून उलटी फिरली, हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरचं कुंपण फाडत गेली. प्रेक्षक जखमी झाले.

१९८८ पासून उपाय आला. इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेत चार भोकांची धातूची चकती बसवली, रिस्ट्रिक्टर प्लेट. हवा कमी, म्हणून ताकद कमी. २०१९ पासून तिच्या जागी निमुळत्या भोकांचा स्पेसर आहे, पण काम तेच. २०२४ मध्ये तेच ५.८६ लिटरचं व्ही-८ इंजिन बहुतेक ट्रॅकवर सुमारे ६७० हॉर्सपॉवर देत होतं आणि इथे सुमारे ५१०.

गाड्या उडण्याचा धोका यामुळे घटला, पण कोणालाही एकट्याने निसटणं अशक्य झालं. सगळ्यांचा पाय पूर्ण दाबलेला, सगळ्यांचा वेग जवळपास सारखा. दोन-तीन रांगांत गाड्यांचा एकच जथा ताशी तीनशे किलोमीटरने फिरत राहतो.

[दृश्य : दोन बंपर, अगदी जवळून]

पुढची गाडी हवा फोडते, म्हणून मागचीला विरोध कमी होतो. मागची चिकटली की पुढचीच्या पाठीमागची ओढही घटते, आणि दोघी मिळून एकटीपेक्षा जोरात पळतात. पण मागच्या गाडीचं तोंड पुढचीच्या पाठीला टेकलं की रेडिएटरला वारा मिळत नाही. पाण्याचं तापमान चढतं, आणि ड्रायव्हरला थोडं बाजूला सरकून इंजिनाला वारा द्यावा लागतो. परत येताना बंपरच्या मध्यावरच यायला हवं. नेमका घोळ इथे होतो. धक्का मध्यापासून थोडा जरी डावी-उजवीकडे लागला, तर पुढच्या गाडीची मागची चाकं हलकी होऊन बाजूला जातात. ढकलणाऱ्यालाही कोणी ढकलत असेल तर जोर किती लागणार हे त्याच्या हातात राहत नाही. केसेलोव्स्की त्या क्षणी असाच मध्ये होता.

शेजारच्याला मागे ओढायची युक्तीही आहे. आपलं नाक त्याच्या मागच्या चाकाशेजारी आणायचं, म्हणजे हवा त्याच्या स्पॉयलरवर, म्हणजे गाडीच्या मागच्या उभ्या पट्टीवर, साचते आणि त्याचा वेग मरतो. मात्र यात दोन गाड्यांमधली फट जवळजवळ संपते.

आता मागच्यांचा विचार करा. या वेगात गाडी सेकंदाला ८३ मीटर कापते, आणि डोळ्यांनी पाहून पाय हलेपर्यंत १५-२० मीटर निघून जातात. दोन गाड्यांत अंतरच मीटरभर, त्यात धूर. ड्रायव्हरला दिसते फक्त पुढची डिकी. वर इमारतीच्या छतावर उभा असलेला स्पॉटर, म्हणजे ड्रायव्हरला वाट सांगणारा साथीदार, रेडिओवर ओरडतो, ‘खाली जा, खाली!’ पण फिरलेली गाडी भिंतीला आपटून कुठे परतेल हे त्यालाही ठाऊक नसतं.

[दृश्य : छतावरच्या उघडलेल्या झडपा]

उलटी फिरणारी गाडी हवेत उचलली जाऊ नये म्हणून गाडीच्या छतावर झडपा असतात. १९९४ पासून त्या सक्तीच्या आहेत. गाडी मागे तोंड करून सरकली की हवेच्या दाबातल्या फरकाने त्या आपोआप उभ्या राहतात. भिंतीपुढे पोलादी नळ्या आणि फोमचा सेफर बॅरिअर. नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्टच्या २००१ मधल्या शर्यतीतल्या मृत्यूनंतर मान धरून ठेवणारं हान्स उपकरणही आलं.

अपघातानंतरची अडचण वेगळी. २०२२ पासूनच्या गाड्यांना १८ इंची चाकं आणि बुटके टायर आहेत, आत दुसरं अस्तर नाही. टायरांतली हवा गेली की गाडीचा सपाट तळ जमिनीला टेकतो. इंजिन धडधाकट असूनही ती जागची हलत नाही, ओढूनच न्यावी लागते.

त्या दिवशी लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवावी लागली. मग ओव्हरटाइम, म्हणजे ठरलेल्या लॅप्सनंतरच्या जादा लॅप्स, आणि उरलेल्या गाड्या पुन्हा दोन रांगांत एकमेकींना रेटत सुटल्या. रिकी स्टेनहाउस ज्युनियर ०.००६ सेकंदांनी जिंकला. त्या वेगात हे अंतर साधारण अर्ध्या मीटरचं. दुसरा आला केसेलोव्स्की.