वजन केव्हाचे मोजावे?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान होते, तेव्हा रुग्णाचे वजन अनेकदा आधीच घटलेले असते, कारण हा आजार स्वतःच वजन उतरवतो. म्हणून निदानाच्या वेळचा आकडा धरला, तर या कर्करोगाच्या धोक्यातील लठ्ठपणाचा वाटा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. कित्येक वर्षे आधीचे वजन पाहिले, की तो स्पष्ट होतो. (लठ्ठ व्यक्तीचे वजन काही न करता उतरू लागले की आसपासची माणसे कौतुक करतात, तिथे खरे तर डॉक्टरांना दाखवायला हवे.)

२०२२ मध्ये जगभरात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख मृत्यू झाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये अतिरिक्त चरबीशी ज्या १३ कर्करोगांचा संबंध मान्य केला, त्यांत याचाही समावेश आहे.

पोटातील अवयवांभोवती साठलेली चरबी सतत काही ना काही स्रवत असते. तिच्यातून दाह वाढवणारी रसायने रक्तात मिसळतात, लेप्टिन या चरबीतूनच स्रवणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि संरक्षक मानले जाणारे ॲडिपोनेक्टिन हे दुसरे संप्रेरक कमी होते. यामुळे शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देईनासे झाले, की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करते. हे वाढलेले इन्सुलिन आणि त्याच्याशी साधर्म्य असलेला वाढघटक आतड्याच्या अस्तरातील पेशींना विभाजित होत राहण्याचा संदेश देतात, आणि ज्या सदोष पेशींनी मरायला हवे, त्या टिकून राहतात. अशा पेशींतून आधी पॉलिप नावाची गाठ तयार होते. तिचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि बहुतेक पॉलिप त्या टप्प्यापर्यंत पोहोचतही नाहीत.

लठ्ठपणाचा हा परिणाम स्त्रियांपेक्षा पुरुषांत आणि गुदाशयापेक्षा मोठ्या आतड्यात अधिक ठळक दिसतो. पुरुषांची चरबी पोटात साठण्याकडे अधिक कल असतो, हे त्यामागचे एक संभाव्य कारण आहे. म्हणूनच बीएमआयच्या (उंचीच्या तुलनेत वजन सांगणाऱ्या आकड्याच्या) जोडीला कमरेचा घेरही मोजायला हवा, कारण चरबी कुठे आहे, हे बीएमआयला कळत नाही.

या कर्करोगासाठीची तपासणी कधी सुरू करायची, हे मात्र आजही मुख्यतः वय आणि कुटुंबातील आजाराचा इतिहास पाहून ठरते. कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेरा असलेली नळी घालून केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीत, पॉलिप दिसला, तर तो बहुधा त्याच वेळी काढून टाकता येतो.